रजिस्टरमधला जातीचा रकाना

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दिलेला विषय अगदी साधा होता : शाळेच्या जुन्या दप्तराचं संगणकीकरण. ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तूच सांग कसं करायचं ते.’ किती स्कॅनर लागतील, किती दिवस लागतील, खर्च किती, हे सगळं मी एका कागदावर लिहून समितीकडे दिलेलं आहे. ते वाचून दाखवून तुमचं जेवण लांबवत नाही. मला बोलायचं आहे ते जनरल रजिस्टरमधल्या एकाच रकान्याबद्दल. दुपारच्या बैठकीत त्याच्यावर निर्णय घ्यायचा आहे, आणि तो घेण्याआधी पूर्ण माहिती सगळ्यांसमोर असावी असं मला वाटतं.

जनरल रजिस्टर म्हणजे काय ते आपल्या शिक्षकांना माहीत आहेच. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते : नाव, आईवडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, जात, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख. आपल्याला दहावीनंतर मिळालेला दाखला म्हणजे त्याच ओळीची नक्कल.

आता या ओळी स्कॅन करायच्या म्हटल्यावर आपल्या ग्रुपवर तीन मतं आली. पहिलं मत : जसंच्या तसं सगळ्यांसाठी खुलं करा, इतिहास आहे तो. दुसरं : जातीचा रकाना पुसून टाका, आपल्या वर्गात जात नव्हतीच. तिसरं : रकाना ठेवा, पण त्यातले जुने, टोचणारे शब्द बदलून आजचे शब्द घाला. संगणकाच्या दृष्टीने तिन्ही कामं सारखीच सोपी. एक आज्ञा दिली की हजारो ओळींतला शब्द बदलतो. म्हणूनच जरा थांबून विचार करायला हवा.

माझ्या घरचं उदाहरण देते. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातून गिरणीत कामाला आले आणि नायगावच्या बीडीडी चाळीत राहिले. त्यांच्या गावच्या शाळेच्या दाखल्यावर ‘महार’ आहे. माझ्या वडिलांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी चांगल्या मनाने ‘हरिजन’ लिहिलं. माझ्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’ आहे. माझ्या मुलीच्या अर्जावर नुसतंच ‘एस.सी.’. मध्यंतरी आम्ही तीन वर्षं न्यू जर्सीला होतो, तिथल्या शाळेच्या फॉर्मवर तीच मुलगी ‘एशियन’ झाली. एकच घर, चार पिढ्या, पाच शब्द. यातला एकही शब्द आमच्यापैकी कोणी स्वतःच्या हाताने लिहिलेला नाही. समोरच्याने विचारलं, समोरच्याने लिहिलं, आम्ही खाली सही केली.

हा शब्दांचा वाद आपल्याच भागात वाढलेला आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं आणि त्याची पहिली शाळा परळला उघडली. मिशनचं मराठी नाव होतं ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’. शिंद्यांचा कळवळा आणि कष्ट यांबद्दल शंका घ्यायला जागा नाही, पण ‘निराश्रित’ हा मदत करणाऱ्याच्या बाजूने पाहिलेला शब्द आहे. त्यानंतर अठरा वर्षांनी, ९ मार्च १९२४ रोजी, परळच्याच दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी बोलावलेली बैठक झाली आणि तिच्यातून ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ उभी राहिली. ज्या दामोदर हॉलमध्ये आपण नाटकं पाहिली, तोच हा. ‘निराश्रित’ म्हटलं की त्या माणसाचं काय कमी आहे ते कळतं. ‘बहिष्कृत’ म्हटलं की लगेच प्रश्न पडतो, बहिष्कार घातला कोणी?

बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांची नावं ओळीने वाचून पाहा. १९२० साली ‘मूकनायक’, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’, आणि १९५६ साली त्याच ‘जनता’चं ‘प्रबुद्ध भारत’. छत्तीस वर्षांत एका समाजाने स्वतःला कसं पाहिलं ते या चार नावांत दिसतं.

त्याच काळात सरकारी बाजूनेही नावं पडत होती. १९३१ च्या जनगणनेचे आयुक्त हटन यांनी ‘बाह्य जाती’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला. १९३५ च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ आणला, म्हणजे अनुसूचित जाती. ‘ज्यांची नावं यादीत आहेत ते’, एवढाच त्याचा अर्थ. रुक्ष शब्द, पण त्यात शिवी नाही आणि दयाही नाही. कदाचित म्हणूनच तो टिकला.

‘हरिजन’ शब्दाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्या रजिस्टरमध्ये तो शब्द पानोपानी आहे. गांधीजींनी तो १९३२ च्या सुमारास स्वीकारला आणि १९३३ मध्ये त्याच नावाचं साप्ताहिक काढलं. उघड अपमान करणारे शब्द लोकांच्या तोंडून जावेत हा त्यांचा हेतू. लाखो लोकांनी तो शब्द मनापासून वापरला, त्यात माझ्या वडिलांचे मास्तरही आले. पण जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्यात दुरुस्ती करताना ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालायचं ठरलं. दादासाहेब गायकवाड आणि बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. ज्यांना हे नाव लागणार त्यांनाच ते नको असेल तर सरकारने ते लादू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. बहुमताने ते फेटाळलं गेलं आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहातून उठून बाहेर गेले. रीगलजवळ आज जिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे, त्या इमारतीत तेव्हा कायदेमंडळ भरत असे. पुढे १९८२ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना कळवलं की जातीच्या दाखल्यावर ‘हरिजन’ लिहू नका. म्हणजे १९३८ साली जे सांगितलं गेलं, ते कागदावर यायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

यावरून कोणी म्हणेल की ज्यांचं नाव त्यांना विचारा, प्रश्न मिटला. मिटत नाही. आमच्याच घरात मिटलेला नव्हता. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं नाव. त्यांच्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या शब्दात अनुसूचित जाती-जमाती आणि बौद्ध तर होतेच, शिवाय कामगार, भूमिहीन शेतमजूर आणि स्त्रियाही होत्या. माझे काका त्या मोर्चांत होते. ‘दलित’ हा शब्द ते छाती पुढे काढून उच्चारत. माझ्या वडिलांना तो घरात चालत नसे. ‘बाबासाहेबांनी आपल्याला बुद्ध दिला, आपण अजून स्वतःला दळलेले-भरडलेले म्हणायचं का?’ असं ते विचारत. दोघे सख्खे भाऊ, दोघांच्या भिंतीवर एकच तसबीर. पँथर १९७४ मध्ये फुटली तेव्हा नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांच्यातल्या वादाला हीच किनार होती. एकाला व्यापक शोषितांची एकी हवी होती, दुसऱ्याला बौद्ध ओळख.

तो वाद अजून चालूच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सल्ला दिला की ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ म्हणा. त्यामागे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढची याचिका होती. हा शब्द संविधानात नाही, तो कमीपणा आणतो, असं एका बाजूचं म्हणणं. हा आम्ही लढून मिळवलेला शब्द आहे, आमच्या तोंडून काढून घेऊ नका, असं दुसरीचं. दोन्ही बाजूंना त्याच समाजातली माणसं होती. मी स्वतः बौद्ध म्हणवते. पण काकांचा शब्द काकांना द्यायला माझी ना नाही.

मग नाव बदलून नेमकं काय साधतं? डिसेंबर २०२० मध्ये आपल्या राज्य सरकारने निर्णय घेतला की महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा अशी जातीवरची वस्त्यांची नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी द्यावीत. आमच्या गावच्या आत्याला विचारलं, कसं वाटतं? ती म्हणाली, ‘पोस्टाचं पाकीट बघून बरं वाटतं. पण पाणी अजून तिथंच येतं जिथं आधी येत होतं.’ तिची दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि मला ती दोन्ही महत्त्वाची वाटतात. पाकिटावर स्वतःच्या जातीची पाटी नसणं ही छोटी गोष्ट नाही. आणि नळ आला नाही तर दहा वर्षांत ‘भीमनगरची’ हाही टोमणा होतो. आपल्या लहानपणी ‘हरिजन’चं तेच झालं होतं. देवाचा माणूस असा ज्याचा अर्थ, तो शब्द मधल्या सुट्टीत भांडणात वापरला जाई.

आता आपल्या वर्गाबद्दल. ‘आपल्या वर्गात जात नव्हतीच’ असं ग्रुपवर लिहिणारे माझे जिवलग मित्र आहेत, एका डब्यात जेवलोय आम्ही. त्यांना ते तसंच आठवतं, यात खोटं काही नाही. पण दर वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज यायचे तेव्हा वर्गात आवाज यायचा : ‘बी.सी.ची मुलं उभी राहा.’ आम्ही सातआठ जण उभे राहायचो. बाकीचे बसून असायचे, आणि बसलेल्यांना तो दिवस आठवायचं काही कारण नाही. उभे राहिलेल्यांना तो दिवस, बाक, आणि मागून आलेलं हसूसुद्धा आठवतं. त्यात सरांचा कोणताही दुष्ट हेतू नव्हता. त्या अर्जावर सही झाली म्हणून माझी पुस्तकं आली, आणि तो ‘नवबौद्ध’ शब्द दाखल्यावर होता म्हणून माझा इंजिनिअरिंगचा प्रवेश झाला. हे मी लपवत नाही आणि त्याची मला लाजही नाही.

आठवीत मात्र आपल्या वर्गशिक्षिका बाईंनी एक साधी गोष्ट केली. त्या म्हणाल्या, ‘हजेरी क्रमांक चार, नऊ, सतरा, बावीस... सुट्टीत ऑफिसात येऊन जा.’ यादी तीच, सवलत तीच, अर्जही तोच. फक्त वर्गासमोर उभं राहणं गेलं. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, कोणती माहिती, कोणाला, कशासाठी दाखवायची, याचे पुढे मी पगार घेऊन धडे घेतले. पहिला धडा तुमचा होता.

त्या धड्याच्या आधारेच आता रकान्याकडे पाहू. आधी त्यातल्या शब्दांची अडचण. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणीत लोकांना जात विचारली, पण निवडायला ठरलेली यादी दिली नव्हती. सांगेल ते लिहायचं. केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की १९३१ मध्ये ४,१४७ जाती मोजल्या होत्या आणि या पाहणीत ४६ लाखांहून अधिक नावं आली. हे प्रकरण महाराष्ट्र सरकारनेच नेलं होतं. आपल्या राज्यात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाच्या याद्यांत मिळून ४९४ नावं आहेत. पाहणीत आली ४ लाख २८ हजारांहून जास्त. एकच जात दहा प्रकारे लिहिलेली, कुठे आडनाव, कुठे कुळी, कुठे पोटजात. सॉफ्टवेअरवाल्यांना असा रकाना म्हणजे डोकेदुखी. पण उलट टोकही तितकंच वाईट. यादी आधीच ठरवून दिली की माणूस तिच्यात कोंबला जातो. अमेरिकेच्या १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनांत ‘हिंदू’ हा वंश होता, आणि त्यात पंजाबातून गेलेले शीखसुद्धा मोजले गेले. १९७० मध्ये तिथले भारतीय ‘गोरे’ धरले गेले आणि १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ असा वेगळा चौकोन आला. माणसं तीच राहिली, फॉर्म बदलला. आपल्याकडेही पुढच्या जनगणनेत जात मोजायचं केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केलं आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या दारात येणार आहे.

रकाना पुसायचा की ठेवायचा, हे तो कशासाठी आहे त्यावर ठरतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितलं. कारण त्या रकान्यावरून झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा ते ठरत होतं. तिथे रकाना जाणं योग्यच.

शाळेच्या रजिस्टरचं तसं नाही. जातपडताळणी समिती अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागते, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. गिरणीत आलेल्या आपल्या आजोबांकडे जमीन नव्हती, सातबारा नव्हता. त्यांच्या नावाचा सरकारी कागद म्हणजे बऱ्याचदा शाळेतली ही एक ओळ. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने ‘कुणबी’ नोंदी शोधायला घेतल्या तेव्हाही राज्यभर शाळांची जुनी रजिस्टरं उघडली गेली. आपण सद्भावनेने हा रकाना पुसला तर कुणाच्या तरी नातवाचा प्रवेश पुसला जाईल. आणि ‘महार’ किंवा ‘हरिजन’ खोडून ‘अनुसूचित जाती’ लिहिलं तर तो पुरावाच राहत नाही, ती खाडाखोड होते. शिवाय त्या काळी शाळेने आपल्या माणसांना काय म्हटलं, हेही पुसलं जातं.

पण म्हणून ते सगळ्यांसाठी खुलं करायचं का? माझं स्पष्ट मत, नाही. आज आपल्यातल्या कुणाचं आडनाव बदललंय, कुणी दुसऱ्या जातीत लग्न केलंय, कुणाच्या मुलांना हे ठाऊकही नाही. त्यांना हजेरी घेतल्यासारखं पुन्हा उभं करायचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणून बैठकीसाठी माझे चार प्रस्ताव आहेत.

एक, मूळ रजिस्टरं अक्षरही न बदलता स्कॅन व्हावीत आणि त्या प्रती शाळेच्याच ताब्यात राहाव्यात. दोन, नाव शोधायची जी सूची आपण बनवू तिच्यात फक्त नाव, वर्ष आणि पानाचा क्रमांक असावा. जातीवरून शोधायची सोयच ठेवू नये. तीन, स्वतःची किंवा स्वतःच्या आईवडील-आजोबांची ओळख दाखवून कोणी आलं तर मुख्याध्यापकांच्या सहीने त्या ओळीची नक्कल लगेच मिळावी. चार, या स्मरणिकेत शेवटी माजी विद्यार्थ्यांची जी सूची छापणार आहात, तिच्यात प्रत्येकाला स्वतःबद्दल एक ओळ लिहायला जागा द्यावी. ज्याला जात लिहायची त्याने लिहावी, ज्याला गाव लिहायचं त्याने गाव, ज्याला ‘लालबागचा’ एवढंच लिहायचं त्याने तेवढंच. समितीने त्यात काही सुधारू नये. शुद्धलेखनसुद्धा नाही.

चौथ्या प्रस्तावाला खर्च येत नाही, एखादं पान वाढेल एवढंच. पण आपल्यातल्या कित्येकांच्या बाबतीत शाळेच्या कागदावर स्वतःचा शब्द स्वतः लिहिण्याची ही पहिलीच वेळ असेल.

ज्यांना ‘मेळाव्यात जातीचा विषय कशाला’ असं वाटलं असेल, त्यांनी जेवताना माझ्या शेजारी बसावं, आपण बोलू. रजिस्टरांचा पहिला गठ्ठा वाचनालयात टेबलावर ठेवलेला आहे. वाळवी लागायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे स्कॅनिंगचं काम पावसाळ्याच्या आत व्हायला हवं. दर शनिवारी दोन तास देऊ शकतील असे सहा जण मला हवे आहेत. नावं नोंदवायचा कागद दाराजवळ आहे. त्यावर दोनच रकाने आहेत : नाव आणि फोन.